पुलाचा खांब आणि नदीचा तळ

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांतून बाहेर पडलेली नर्मदा शहपुऱ्याच्या परिसरात गाळाच्या विस्तीर्ण खोऱ्यात प्रवेश करते. कड्यांत खडक पाण्याला आवर घालतो. गाळात मात्र नदी आपला तळ स्वतःच बदलीत असते. अशा तळावर उभारलेल्या पुलाच्या खांबाशी काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

खांबावर आदळलेले पाणी अडते आणि त्याचा काही भाग खांबालगत खाली वळतो. तळाशी त्याचा भोवरा होतो. घोड्याच्या नालाच्या आकाराने खांबाला वेढून तो वाळू उपसू लागतो. परिणामी पायथ्याशी खळगा पडतो. विशेष हे की, महापुरात हा खळगा सर्वांत खोल असतो आणि पूर ओसरताना गाळाने पुष्कळदा भरून येतो. उन्हाळ्यातील पाहणीत दिसणारा सपाट तळ म्हणूनच फसवा ठरतो.

जेराल्ड लेसी यांनी १९३० मध्ये मांडलेल्या सूत्रांच्या आधारे भारतीय अभियंते पुराचा विसर्ग व वाळूच्या कणांचा आकार यांवरून पूरपातळीखालील सरासरी खोली काढतात. खांबापाशी ती दुप्पट धरतात व पाया त्याहूनही खाली नेतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडनजीक सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. वरच्या कमानी शाबूत दिसतात, एवढ्यावरून पूल भक्कम मानता येत नाही. त्याची खरी परीक्षा पाण्याखाली, आणि तीही भर पुरात, होत असते.