पेंडीतला नायट्रोजन गोठ्यातून जातो कुठे?

प्रश्न : युरोपात डुकरांचं खाद्य बदलून नायट्रोजनचं प्रदूषण कमी करतात, असं ऐकलं. आमच्याकडे डुकरं फारशी कोणी पाळत नाही, पण गायी घरोघर आहेत. हीच युक्ती गायीला चालेल का?
— एक दूध उत्पादक, राहाता तालुका

उत्तर : चालेल, पण जशीच्या तशी नाही.

डुकराचं मुख्य खाणं मका आणि सोयापेंड. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल फार थोडं असतं आणि वाढ आधी त्यापायीच अडते. ते पुरावं म्हणून सोयापेंड वाढवली, की बाकीची प्रथिनं गरजेपेक्षा जास्त होतात. शरीर ती साठवत नाही; त्यांचा युरिया होऊन लघवीतून जातो. म्हणून तिकडे पेंड कमी करून कारखान्यात बनवलेलं लायसिन खाद्यात मिसळतात. लायसिनसारखी अमिनो आम्लं नीट भरून काढली, तर खाद्यातलं प्रथिन 16 टक्क्यांवरून 15 वर आणल्यावर बाहेर पडणारा नायट्रोजन साधारण 8 ते 10 टक्क्यांनी घटतो आणि वजनवाढ अडत नाही. नेदरलँड्समध्ये मे 2019 मध्ये न्यायालयाने नायट्रोजनच्या प्रश्नावरून सरकारची परवाना पद्धत रद्द ठरवली, बांधकामं आणि गोठ्यांचे परवाने रखडले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. खाद्याच्या हिशोबाला तिथे एवढं महत्त्व का, ते यावरून कळेल.

गायीचं कोठीपोट मध्ये येतं. नुसतं लायसिन दिलंत तर त्यातलं बरंचसं तिथले जंतूच फस्त करतील. हे जंतू पेंडीतलं प्रथिन फोडून त्याचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं प्रथिन बनवतात. ते पुढे गायीच्या कामी येतं. मात्र त्याच वेळी त्यांना पिष्ट लागतं, म्हणजे मक्याचा भरडा किंवा कणसासकट केलेला मुरघास. गव्हाणीत घासाचा भारा आणि वर सरकी पेंड, पण मका नाही, अशी स्थिती आपल्याकडे नवी नाही. मग उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि त्यात गायीची शक्तीही खर्च होते.

हिशोब करून बघा. 15 लिटरची गाय दिवसाला 15 किलो कोरडा अंश खाते आणि त्यात 16 टक्के प्रथिन आहे, असं धरू. म्हणजे 2.4 किलो प्रथिन, त्यात सुमारे 384 ग्रॅम नायट्रोजन. दुधातून बाहेर येतो जेमतेम 75 ग्रॅम. बाकीचा बहुतेक सगळा शेणा-मुतात. आहार 14 टक्क्यांवर नीट बसवला तर रोज 48 ग्रॅम वाचतो, 300 दिवसांच्या वेतात 14 किलोंच्या वर. युरियाच्या भाषेत बोलायचं तर 45 किलोच्या गोणीतला दोन तृतीयांश माल, आणि तोही पेंडीच्या भावाने घेतलेला!

गोठ्यात पुढे काय होतं? मुतातला युरिया एकटा असताना फारसा वास मारत नाही. शेणातल्या जंतूंचं विकर त्याला भेटलं, की काही तासांत अमोनिया उडू लागतो. सकाळी शेण काढायला वाकलं की डोळ्यांना झोंबतो, तो हाच. जमिनीत मुरलेल्याचं नायट्रेट होऊन ते विहिरीत उतरू शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. अर्थात सगळा दोष गोठ्याच्या माथी मारू नका. उसाला ओतलेला युरियाही त्याच पाण्यात उतरतो.

प्रश्न : मग पेंड तोडू का?

उत्तर : आधी गव्हाण बघा. उसाचं वाढं आणि कडबा यांवर चाललेल्या गायीला प्रथिन मुळातच कमी पडतं. तिची पेंड तोडलीत तर दूध आटेल आणि मी शिव्या खाईन. घास भरपूर आणि वर पेंडही, असं असेल तर पेंडीचा काही भाग मक्याच्या भरड्याने बदला. एकदम नको, आठ-दहा दिवसांत.

दुधातला युरिया नायट्रोजन तपासून मिळाला तर अंदाज पक्का होतो. 100 मिलिलिटरमागे 10 ते 16 मिलिग्रॅम ठीक. आकडा सतत त्याच्या बराच वर असेल तर प्रथिन वाया जातंय, आणि गायी वारंवार उलटत असतील तर हेही एक कारण असू शकतं. दुधात युरिया निघाला म्हणजे भेसळच, असं मात्र नव्हे. थोडा युरिया दुधात निसर्गतःच असतो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने 2011-12 पासून संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला, तो याच विचारावर. गायीचं वजन टेपने मोजायचं, दूध आणि फॅट लिहायचं, घरात असलेला चारा-खुराक सांगायचा आणि त्यातूनच आहार बसवायचा. बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे, राहुरीचं विद्यापीठही लांब नाही. जाताना प्रत्येक गायीला रोज काय आणि किती किलो पडतं, ते लिहून न्या. ‘पाटीभर’ आणि ‘दोन पेंढ्या’ यांवरून कोणालाच हिशोब करता येत नाही.