पुरात भिजलेले वाचनालय कसे सावरावे?



पूर ओसरला की आपण शेताचा, गोठ्याचा, घराचा पंचनामा करतो. गावच्या वाचनालयाकडे लक्ष जाते सगळ्यात शेवटी, आणि तोवर पुस्तकांना बुरशी लागलेली असते. बुडालेल्या उसात पहिले काम चर काढून पाणी बाहेर घालवण्याचे. ग्रंथांचेही तसेच आहे. पहिले दोन दिवस फुकट गेले, तर नंतर खर्च करूनही फारसे हाती लागत नाही.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. २६ जुलै २००५ च्या वाशिष्ठीच्या पुरात त्याचे हजारो ग्रंथ गेले. संस्था खचली नाही. २०१३ साली चिपळूणला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, त्याचे यजमानपद याच वाचनालयाने केले. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा पूर आला आणि पुन्हा सगळे आवरावे लागले. इटलीतील फ्लॉरेन्स येथे १९६६ च्या पुरात राष्ट्रीय ग्रंथालय बुडाले, तेव्हा तरुण पोरांनी रांगा लावून हातोहात चिखलातून ग्रंथ बाहेर काढले.

आता काय करावे ते पाहू :

१) वीज बंद असल्याची खात्री करून मगच आत जावे. तोंडाला फडके, हातात मोजे हवेत.

२) दुर्मिळ व स्थानिक इतिहासाचे ग्रंथ आधी काढावेत. बाजारात मिळणारी पुस्तके मागाहून.

३) ओले पुस्तक उघडू नये. चिखल पुसायच्या नादात पानं फाटतात.

४) कडक उन्हात वाळवू नये, पुठ्ठे वाकतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, थोड्या थोड्या पानांमागे कोरा कागद घालून वाळवावे. कागद भिजला की बदलावा.

५) पुस्तके फार असतील तर पिशव्यांत भरून बर्फ गोठवणाऱ्या शीतगृहात ठेवावीत. बुरशी थांबते, मग सवडीने वाळवता येतात.

६) फेकण्यापूर्वी प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहून घ्यावा. निर्लेखन व मदतीचा प्रस्ताव त्यावरच होतो.

आपली कितीतरी मुले नोकरीनिमित्त ठाण्याला, घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत राहतात. गावावर संकट आले की तळमळीने मदत पाठवतात. पण पोती भरून जुनी क्रमिक पुस्तके आली तर ती ठेवायची कुठे? वाचनालयाने आधी गेलेल्या पुस्तकांची यादी पाठवावी, मुलांनी तीच पुस्तके किंवा कपाटासाठी पैसे द्यावेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे. जुन्या ग्रंथाची प्रत कुठे मिळेल, याची चौकशी ती मंडळी तिथे जाऊन करू शकतील.

नदीकाठच्या गावांनी जूनच्या आत दोन कामे उरकावीत. खालच्या फळ्या रिकाम्या करून मोलाचे ग्रंथ वर न्यावेत, आणि दाखल नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या गावी, उंचावर ठेवावी. नोंदवही वाहून गेली तर काय गेले हेसुद्धा सांगता येत नाही.

– ऊस विकास अधिकारी