आठ महिने गादी, नवव्यात पोछा

भोपाळमधल्या मिसरोदच्या एका कॉलनीतून परवा सातवा महिना लागलेली पेशंट आली, सोबत सासूबाई. सुनेची तक्रार कंबरदुखीची, सासूबाईंची सुनेबद्दल: "रोज संध्याकाळी फिरायला जाते हो ही! पोटातल्या बाळाला धक्का बसला म्हणजे?" पुढच्याच दमात त्यांनी हेही सांगून टाकलं की नववा लागला की हिला उकिडवं बसून पोछा मारायला लावणार, म्हणजे बाळंतपण नॉर्मल होतं.

आठ महिने वाकायचंसुद्धा नाही आणि नवव्यात एकदम कसरत! घरचे ज्या पणजीचे दाखले देतात, ती दिवस भरेपर्यंत दळत होती, पाणी शेंदत होती. गादीवर नव्हती.

भीती नुसती घरच्यांचीच असते असं नाही. गरोदरपणी नाडी मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका, असं १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच बजावलं होतं. १९९४ मध्ये त्यांनी ती अट काढली. आता जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य अर्ध्यात तुटलं, तर वेग कमी करा. आधी सवय नसेल, तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा. शुगर वाढलेली असेल, तर जेवणानंतरची फेरी चुकवू नका.

होशंगाबाद रोडसारख्या वाहत्या रस्त्याच्या कडेने मात्र नको, कॉलनीतच फिरा, आणि मे महिन्यात उन्हं तापायच्या आत. या दिवसांत सांधे सैल होतात, पोटामुळे तोल जातो, म्हणून सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. पाचव्या महिन्यानंतर उताणं पडून करायचे व्यायाम टाळा. पोटातली मोठी शीर दबून चक्कर येते.

वार खाली असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा रक्त फारच कमी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तेव्हा विचारलंत तरी चालेल. व्यायाम करताना अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, कळा सुरू झाल्या किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

राहिला पोछा. उकिडवं बसल्याने मांड्या-कंबर मोकळी होते, हे खरं. पण त्याने बाळंतपण नॉर्मलच होईल, अशी हमी मी देणार नाही. आणि ओल्या फरशीवर पाय घसरतो. बसायचंच असेल, तर कोरड्या चटईवर, खिडकीचा गज धरून.