कोऱ्या उतारावर

पावसाळ्यात मी पाहुण्यांना अंधारबनात नेतो. ताम्हिणीजवळच्या पिंपरीहून निघून भिऱ्याकडे उतरणारी ती वाट. धुकं दाटलं की पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "दादा, पलीकडं कुणीच नाही, तिकडून जाऊ या." मी नाही म्हणतो. ज्या उतारावर गुरंही चढत नाहीत, तिथं कारवीखाली काय आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं.

इतकं कळत असूनही गुलमर्गला मी नेमकं तेच केलं.

स्कीइंगचं माझं ते तिसरं वर्ष. रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ निवळलं होतं. गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यानं, साधारण ३०८० मीटरवरच्या कोंगडूरीला पोहोचलो. आज दाबलेल्या बर्फाचा पट्टा सोडायचा नाही, असं स्कीइंग शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं. पण उजवीकडे झाडांमधला उतार कोरा होता. तांदळाच्या पिठीसारखा बर्फ, त्यावर एक रेघ नाही. सोबतचा मित्र पुढं घुसला, त्याच्यामागं मी. पहिली चार वळणं अशी झाली की पायाखाली जमीन आहे हेच विसरायला झालं. पाचव्या वळणावर स्की रुतली आणि मी एका सूचिपर्णी झाडाच्या बुंध्याशी डोकं खाली, पाय वर असा पडलो.

अशा झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळ, भुसभुशीत खड्डा राहतो. वरून तो दिसत नाही. हात टेकायला जावं तर हात आत जातो, धडपडावं तर आणखी बर्फ तोंडावर येतो. मी ओरडलो, पण मऊ बर्फ आवाज गिळतो. मित्र खाली निघून गेला होता. त्याला कळलं असतं तरी त्या बर्फातून वर चढायला त्याला फार वेळ लागला असता. मागून येणाऱ्या एका स्थानिक मुलाला माझी स्की दिसली, त्यानं तोंडासमोरचा बर्फ आधी उकरला आणि मग मला ओढलं. त्याचं नाव विचारायचंही भान मला नव्हतं.

म्हणून सांगतो. झाडांत शिरायचंच असेल तर जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. थोडं उतरायचं, थांबायचं, दुसऱ्याला येऊ द्यायचं. काठ्यांचे पट्टे मनगटातून आधीच काढा. शिट्टी गळ्यात, कॉलरपाशी हवी. पडताय असं वाटलं की बुंधा किंवा फांदी धरा, डोकं वर ठेवा. पडलातच तर तोंडासमोर हातानं जागा करून शांत राहा, मला ते जमलं नव्हतं.

उघड्या उतारांची भीती वेगळी. नवा बर्फ जुन्या कडक थरावर लगेच चिकटत नाही. वाऱ्यानं साचलेली लादी एका माणसाच्या भारानंही फुटते. घाटात मुसळधार पावसानंतर माती सुटताना आपण पाहिलीय, तसंच हे. बहुतेक हिमलोट ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे स्कीअरना नेमके जे आवडतात त्यांवर. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गमध्ये एक रशियन स्कीअर असाच हिमलोटात दगावला. बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यांत धोक्याचे, आणि नेमके तेच सगळ्यांत सुंदर. तेव्हा गस्ती पथकानं बंद केलेल्या बाजूला दोरी ओलांडून जाऊ नका. पट्ट्याबाहेर जायचं तर जाणता वाटाड्या हवा. प्रत्येकाकडे गाडलेल्याचा माग देणारं ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून पाहायची लांब काठी आणि फावडं हवं. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो. पुढं आशा झपाट्यानं कमी होते. बाहेरून मदत इतक्या लवकर येत नाही, शोधायचं सोबत्यांनीच.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेलो, तेव्हा पहिले दोन दिवस स्की पायात घातल्याच नाहीत. उस्तादांनी बर्फात ट्रान्सीव्हर पुरलं आणि मला शोधायला लावलं. पहिल्या खेपेला एकोणीस मिनिटं लागली. उस्ताद काही बोलले नाहीत, पुन्हा पुरून आले.