आठवड्याचा धडा : करून दाखवणारा माणूस आणि आपल्या आठ ओळी



कपाशी सध्या पात्या-फुलांवर आहे, काही ठिकाणी बोंडं धरायला लागली आहेत. याच दिवसांत दुकानातून येताना फवारणीच्या औषधासोबत एखादी जादा बाटली पिशवीत येते. "दादा, एकदा मारून बघा, बोंड फुगतं, पातेगळ थांबते." खरं की खोटं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. शेजाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही, कारण त्याने सगळ्या वावरात मारलेलं असतं. मग कळायचं कसं?

हे कळायची एक रीत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बसवली गेली. तिथे जवळपास प्रत्येक काऊंटीत (आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधला भाग समजा) एक कृषी विस्तार कार्यालय असतं. त्याची मुळं कपाशीच्याच वावरात आहेत, म्हणून आज त्याबद्दल.

1892 च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासमध्ये बोंडाचा सोंडकिडा शिरला. ही आपली बोंडअळी नव्हे. लांब सोंडेचा भुंगा, पात्या आणि बोंडं टोचून आत अंडी घालणारा. वर्षागणिक तो पुढे सरकत गेला आणि कपाशीवर जगणारी गावं हबकली. सरकारने सीमन नॅप यांना पाठवलं. वय सत्तरीला टेकलेलं, स्वतः शेती केलेला माणूस. त्यांना एक गोष्ट आधीच कळली होती. सरकारी फार्मवरचं पीक बघून शेतकरी मान डोलावतो आणि घरी जाऊन आपलंच करतो. तो म्हणतो, पैसा सरकारचा, माणसं सरकारची, पीक येणारच!

म्हणून 1903 साली टेरेल या गावाजवळ त्यांनी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याचं रान निवडलं. सत्तर एकर. राबायचं पोर्टरने, पद्धत नॅप यांनी सांगायची. आणि नुकसान झालं तर? त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून पैसे बाजूला ठेवले. मला या साऱ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. शेतकरी बुडाला तर दुकानही बुडतं, हे त्या दुकानदारांना समजलं होतं. वर्षाअखेरीस पोर्टरने सांगितलं की जुन्या पद्धतीपेक्षा 700 डॉलर जास्त सुटले. वर्गणीला हात लावावा लागला नाही.

नॅप यांच्या शिफारशींत जादू काही नव्हती. खोल नांगरट, निवडक बियाणं, लवकर पेरणी, वेळेवर डवरणी आणि वेचणी संपली की पऱ्हाट्या काढून नष्ट करणं. शेवटची गोष्ट ओळखीची वाटते ना? गुलाबी बोंडअळीसाठी "फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर रान मोकळं करा" असं आपण दरवर्षी सांगतो, त्यामागचा विचार हाच आहे. किडीला पुढच्या हंगामापर्यंत घर ठेवायचं नाही.

नोव्हेंबर 1906 मध्ये टेक्सासच्या स्मिथ काऊंटीत फक्त त्या एका काऊंटीसाठी पहिला एजंट नेमला गेला. त्याच वर्षी अलाबामातल्या टस्किगीहून एक घोडागाडी गावोगाव निघाली. गाडीत अवजारं, बियाणं, दुधाची साधनं. ही कल्पना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यातल्या पुष्कळांनी वाचलंय, तेच हे कार्व्हर. गाडी घेऊन फिरणारे टॉम कॅम्पबेल हे पहिले कृष्णवर्णीय विस्तार एजंट. ज्या शेतकऱ्याला शाळेची पायरी चढू दिली नव्हती, त्याच्या अंगणात शाळा गेली.

1914 मध्ये कायदा झाला आणि हे काम कायमचं झालं. खर्च तीन खिशांतून: केंद्र सरकार, राज्य आणि स्थानिक काऊंटी. एजंट मात्र राज्याच्या कृषी विद्यापीठाशी जोडलेला.

अशा कार्यालयात माणसं थोडी असतात. एक शेतीचा एजंट, एक घर-आहाराचं बघणारी, एक मुलांच्या फोर-एच क्लबचं बघणारा आणि टेबलामागे बसलेली एक बाई, जिला सगळी काऊंटी नावानिशी ठाऊक असते. लोक मातीचे नमुने घेऊन येतात, ते विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जातात. कोणी करपलेली फांदी आणतो, कोणी बरणीत किडा. बायका भाज्या डबाबंद करायच्या प्रेशर कॅनरचं झाकण आणतात, त्यावरचा काटा बरोबर दाब दाखवतो का हे तपासून मिळतं. आणि एक मोठी गोष्ट: एजंट काहीही विकत नाही. म्हणून "या बाटलीची गरज नाही" हे वाक्य त्याला बोलता येतं.

आपल्याकडची राहुरी (1968) आणि अकोला (1969) ही कृषी विद्यापीठं त्याच अमेरिकन विद्यापीठांचा नमुना समोर ठेवून उभी राहिली. पण एक फरक राहिला. आपला कृषी सहायक विद्यापीठाचा नाही, राज्याच्या कृषी विभागाचा. त्यामुळे योजनांचे अर्ज, पंचनामे, याद्या सगळं त्याच्याच गळ्यात, गावंही एकापेक्षा जास्त. "तो वावरात येत नाही" अशी तक्रार करण्याआधी हे ध्यानात घ्या. आणि बोलावताना मोघम बोलावू नका. "कपाशी बघायला या" यापेक्षा "अमुक गटात बोंडं फोडली, वीसपैकी तीनमध्ये अळी निघाली" असं सांगा. फोटो पाठवा. माणूस लवकर येतो.

आता आपल्या बाटलीकडे. पोर्टरने सत्तर एकर दिले, तुम्ही आठ ओळी द्या.

टॉनिक मारायचंच असेल तर वावराच्या मध्यात शेजारी शेजारी दोन पट्टे आखा, आठ-आठ ओळींचे. वाण एक, पेरणीची तारीख एक, जमीन एकसारखी. बांधाकडच्या आणि झाडाच्या सावलीतल्या ओळी नकोत. एका पट्ट्यात टॉनिक, दुसऱ्यात नुसतं पाणी. बाकी खत, पाणी, फवारणी दोन्हीकडे सारखीच. खुणेला काठी रोवा आणि तारीख, मात्रा, खर्च वहीत लिहा. डोक्यात ठेवू नका, दिवाळीपर्यंत राहत नाही.

वेचणीला दोन्ही पट्ट्यांतल्या फक्त मधल्या चार-चार ओळींचा कापूस वेगळा भरा, वेगळा तोला. सगळ्या वेचण्यांची बेरीज करा. ओळींत 4 फूट अंतर आणि ओळ 250 फूट लांब असेल तर चार ओळींचे 4,000 चौरस फूट होतात. एकर म्हणजे त्याच्या सुमारे 11 पट. म्हणजे टॉनिकच्या पट्ट्यात 3 किलो जास्त निघाला तर एकरी साधारण 33 किलो. भाव किलोला 70 धरला तर 2,310 रुपये. त्यातून बाटली, फवारणीची मजुरी आणि जादा कापसाची वेचणी वजा करा. उरलं तर पुढच्या वर्षी घ्या. मात्र किलो-अर्ध्या किलोचा फरक धरू नका, तेवढा तर शेजारच्या दोन साध्या ओळींतही पडतो. जमलं तर वावरात दुसऱ्या ठिकाणीही अशीच जोडी आखा.

हा प्रयोग टॉनिकपुरताच. बोंडअळीच्या बाबतीत असले पट्टे सोडू नका, तिथे मोजणी करा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज 8 किंवा जास्त पतंग, किंवा 20 हिरव्या बोंडांत 2 किंवा जास्त बोंडं किडलेली, तरच फवारणी. औषध कपाशीसाठी शिफारस असलेलंच. दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका. तोंडाला रुमाल, हातात मोजे, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती आपल्यासारखीच होती.

पट्टे आखणार असाल तर येत्या रविवारपर्यंत नाव आणि गट नंबर याच नंबरवर कळवा. वेचणीच्या वेळी आपल्या कंपनीच्या काट्यावर दोन्ही गाठोडी वेगळी तोलून मिळतील. सगळ्यांचे आकडे गोळा झाले की, बाटलीच्या नावासकट, याच ग्रुपवर टाकू.