मोदकपात्रातलं थर्मोडायनॅमिक्स

हा लेख मी माझ्या आजीची माफी मागण्यासाठी लिहिते आहे. पण ती माफी समजायला थोडं फिजिक्स लागेल, म्हणून आधी प्रसंग सांगते.

गणेश चतुर्थीची दुपार. आरतीची वेळ झालेली, आणि एकवीस मोदक अजून वाफवायचे होते. आजी कळ्या पाडत होती आणि गॅसपाशी मी उभी होते. पाण्याला उकळी आली तशी आजी म्हणाली, "आता गॅस बारीक कर गं."

मी म्हटलं, "आजी, मोठाच राहू दे. जास्त हीट म्हणजे लवकर शिजणार. मी मेकॅनिकलला आहे!"

आजी काही बोलली नाही. दहा मिनिटांनी तिने मोदकपात्राचं झाकण उचललं आणि आतून वाफेचा लोट तिच्या मनगटावर आला. आजीच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही, पण तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. कुणी बर्फ आणायला धावलं, कुणी टूथपेस्ट. सुदैवाने काकूने तिचा हात सरळ नळाखाली धरला आणि वीस मिनिटं धरून ठेवला. (तेच बरोबर आहे. बर्फ किंवा टूथपेस्ट कधीही लावू नका.)

संध्याकाळी माझा दहावीतला चुलतभाऊ छोटू जवळ आला. "ताई, उकळतं पाणी शंभर अंश आणि वाफही शंभर अंश. मग वाफेनं एवढं जास्त का भाजतं?"

"लेटंट हीटमुळे."

"म्हणजे?"

"म्हणजे... एम इनटू एल."

छोटू माझ्याकडे बघतच राहिला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. एम इनटू एलची शेकडो गणितं सोडवलेली, त्यात पैकीच्या पैकी मार्क. पण 'म्हणजे?' या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. छोटूने मग त्याचं मराठी माध्यमाचं पुस्तक आणलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं : 'अप्रकट उष्मा'. जो प्रकट होत नाही असा उष्मा! आत गेला, पण थर्मामीटरवर दिसला नाही. 'लेटंट'चा अर्थही 'लपलेला' असाच आहे, पण तो शब्द मी इतकी वर्षं नुसता पाठ म्हणत होते. त्या रात्री मी सगळं पहिल्यापासून वाचलं.

तापमान वेगळं, उष्णता वेगळी

कुठलाही पदार्थ घ्या, त्याचे रेणू सतत हालचाल करत असतात. या धावपळीची सरासरी म्हणजे तापमान. आणि गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जी ऊर्जा जाते ती उष्णता. म्हणजे उष्णता ही प्रवासातली ऊर्जा. ती वस्तूत 'भरून' ठेवलेली नसते. वस्तूत असते ती अंतर्गत ऊर्जा.

दिवाळीतली फुलबाजी आठवा. तिच्या ठिणगीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, तरी ती हातावर पडली तर जेमतेम चटका बसतो. कारण ठिणगीत पदार्थच इतका थोडा, की ती देऊन देऊन किती ऊर्जा देणार? याउलट बादलीभर कढत पाणी अंगावर सांडलं तर दवाखाना गाठावा लागतो. नुसतं तापमान बघून किती भाजेल ते कळत नाही.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही इथे गोंधळ झाला होता. लॅव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली, त्यात उष्णतेलाही 'कॅलॉरिक' म्हणून जागा दिली होती. १७९८ मध्ये रम्फर्डने म्युनिकमधल्या तोफांचं उदाहरण मांडलं. तोफेला भोक पाडताना घर्षणाने उष्णता निघतच राहते, संपत नाही. मग ती पदार्थ कशी असेल? पुढे १८४० च्या दशकात जूलने पाणी ढवळून दाखवून दिलं की काम आणि उष्णता एकाच ऊर्जेची रूपं आहेत. एक कॅलरी म्हणजे सुमारे ४.१८ जूल.

लपलेली ऊर्जा जाते कुठे?

एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ८० कॅलरी लागतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला तब्बल ५४० कॅलरी लागतात आणि तेवढ्या वेळात तापमान एक अंशानेही वाढत नाही. ही ऊर्जा रेणूंचा वेग वाढवत नाही. ती खर्च होते रेणूंनी एकमेकांना धरलेले हात सोडवण्यात. ग्लासगो विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅकच्या हे १७६० च्या सुमारास लक्षात आलं होतं.

आता मनगटाचा हिशोब करू. त्वचा ३७ अंशांची धरा. १०० अंशांचं एक ग्रॅम पाणी तिथवर थंड होताना ६३ कॅलरी देतं. वाफ आधी त्वचेवर पाणी होते आणि लपवलेल्या ५४० कॅलरी तिथेच सोडते, मग वर त्या ६३. एकूण ६०३. म्हणजे तापमान तेच, पण ऊर्जा साडेनऊ पट! मोदकाची पारी शिजते तीही अशीच. वाफ तिच्यावर पाणी होते आणि आपली ऊर्जा तिला देऊन टाकते. मोदक शिजवणारी आणि आजीचा हात भाजणारी ऊर्जा एकच.

मग गॅस मोठा ठेवून मी काय मिळवलं?

काही नाही. उघड्या हवेच्या दाबाला पाणी १०० अंशांवर अडतं. गॅस वाढवला तर पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ जास्त होते. मोदकांना पुरून उरलेली वाफ झाकणाखाली कोंडून बसली होती आणि तळातलं पाणीही आटत आलं होतं. तापमान वाढवायचं तर दाब वाढवावा लागतो. म्हणून कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि महाबळेश्वरला हवेचा दाब कमी म्हणून ९५-९६ अंशांनाच. "उकळी आली की गॅस बारीक कर" या आजीच्या एका वाक्यात हे सगळं होतं. तिने थर्मोडायनॅमिक्सचा पेपर दिलेला नाही, एवढंच.

आजीचा हात पंधरा दिवसांत बरा झाला. मी तिला हे सगळं मराठीत समजावून सांगितलं. साडेनऊ पटीचा हिशोबसुद्धा. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हणजे झाकण उचलताना आपल्या बाजूची कड खाली ठेवायची आणि पलीकडची आधी उघडायची. मीच त्या दिवशी घाईत विसरले."

घाई कुणामुळे झाली होती, ते ती बोलली नाही.

मित्रांनो, पुढच्या व्हायवाची तयारी करताना एक करून बघा. फॉर्म्युला मिटून ठेवा आणि ती गोष्ट घरातल्या कुणालाही आपल्या भाषेत सांगा. समोरच्याने 'म्हणजे?' विचारल्यावर अडलात, तर तो धडा अजून शिकायचा राहिलाय असं समजा. माझा राहिला होता. आजी, सॉरी.