नवे ग्राफिक्स कार्ड, जुना प्रोसेसर

प्रश्न : २०१७ सालच्या ‘कोअर आय५-७४००’ या चार कोरच्या प्रोसेसरसोबत ‘आरटीएक्स ३०६०’ कार्ड बसवूनही खेळ अडखळत का चालतो?

उत्तर : पडद्यावरील प्रत्येक चित्र, म्हणजे फ्रेम, दोन टप्प्यांत घडते : पात्रांच्या हालचाली, टक्कर, नेम यांचा हिशेब करून काय रेखाटायचे याच्या आज्ञा प्रोसेसर तयार करतो आणि त्यांवरून कार्ड चित्र रंगवते. आज्ञांना २० मिलिसेकंद आणि रंगकामाला ८ मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ५० हून अधिक फ्रेम मिळत नाहीत आणि कार्ड उरलेला वेळ हात बांधून बसते. या कोंडीलाच ‘बॉटलनेक’ म्हणतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ६० टक्के दिसला म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण खेळाचा मुख्य थ्रेड, म्हणजे आज्ञांची सलग चालणारी मालिका, एका वेळी एकाच कोरवर धावतो आणि तिथेच अडतो. फ्रेमदरावर मर्यादा नसताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली राहत असेल, तर संशय प्रोसेसरवरच घ्यावा. रिझोल्यूशन १०८० वरून १४४० केल्यास पिक्सेल सुमारे १.७८ पट होऊन कार्डाला काम मिळते आणि चित्र सुधारते; अडखळणे मात्र जात नाही. ते कमी करायचे, तर त्याच मदरबोर्डवर बसणारा आठ थ्रेडचा ‘आय७-७७००’, तोही वापरलेला आणि स्वस्त मिळाला तरच, घेण्याजोगा आहे.